विश्लेषण : आवाज जगाने ऐकला, आजार मात्र उशिरा कळला… कॅरन कार्पेंटरचे आयुष्य आज का आठवायचे?

अमेरिकेतील ‘कार्पेंटर्स’ या लोकप्रिय जोडीची गायिका कॅरन कार्पेंटर हिचा ४ फेब्रुवारी १९८३ रोजी वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी मृत्यू झाला. त्या बातमीसोबत ॲनोरेक्सिया नर्व्होसा हा आजार सामान्य घरांत पहिल्यांदा चर्चेत आला. आता चार दशके उलटली आहेत. आजाराची माहिती मोबाइलवर सहज मिळते, पण उपाशी राहण्याला शाबासकी देणारे ऑनलाइन गटही त्याच मोबाइलवर आहेत. कॅरनच्या काळात असे गट नव्हते. शाबासकी मात्र होती. ती कुठून येत होती, मदत उशिरा का पोहोचली आणि आज आपल्या घरात असे काही घडत असेल तर काय करता येईल, याचा हा आढावा.

वाचण्यापूर्वी एक सूचना. या लेखात कॅरनच्या वजनाचा एकही आकडा नाही. तिने काय खाल्ले, काय टाळले, कोणती औषधे घेतली याचा तपशीलही मुद्दाम दिलेला नाही. या आजाराशी झगडणाऱ्या व्यक्तीला असे आकडे इशारा वाटत नाहीत. ते गाठायचे लक्ष्य वाटते.

कॅरन कार्पेंटर कोण होती?

कॅरनचा जन्म २ मार्च १९५० रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन शहरात झाला. वडील हॅरॉल्ड, आई ॲग्नेस, साडेतीन वर्षांनी मोठा भाऊ रिचर्ड आणि कॅरन असे हे चौकोनी कुटुंब. वडिलांना गाण्यांच्या तबकड्या जमवण्याचा नाद होता. रिचर्ड लहानपणापासून पियानोत रमलेला, तर कॅरनला बाहेर बेसबॉल खेळायला आवडायचे. घरातला कलाकार म्हणून सगळ्यांचे लक्ष रिचर्डकडेच असे. १९६३ मध्ये हे कुटुंब लॉस एंजेलिसजवळच्या डाउनी या उपनगरात राहायला गेले.

कॅरन संगीतात आली ती जवळपास अपघातानेच. व्यायामाचा तास टाळता यावा म्हणून ती शाळेच्या बँडमध्ये दाखल झाली. तिथे तिला धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचे ग्लॉकेनस्पील हे वाद्य मिळाले, पण त्यात तिचे मन रमेना. तिचे लक्ष ड्रम वाजवणाऱ्या मुलांकडे होते. मुलीने ड्रम वाजवणे तेव्हा नवलाचे होते. तिने हट्ट धरला आणि आई-वडिलांनी तिला ड्रमचा संच घेऊन दिला. थोड्याच काळात ती सराईतपणे वाजवू लागली.

१९६५ मध्ये रिचर्ड, त्याचा मित्र वेस जेकब्ज आणि कॅरन यांनी तिघांचा वाद्यवृंद सुरू केला. २४ जून १९६६ रोजी हॉलिवूड बोल या प्रसिद्ध खुल्या रंगमंचावर झालेली बँडची स्पर्धा त्यांनी जिंकली. कॅरन तेव्हा १६ वर्षांची होती. पुढची काही वर्षे नकार पचवण्यात गेली. अखेर एप्रिल १९६९ मध्ये ‘ए अँड एम रेकॉर्ड्स’ने भावा-बहिणीशी करार केला. कॅरनला २१ वर्षे पूर्ण झाली नसल्याने तिच्या वतीने आई-वडिलांनाही सही करावी लागली.

जुलै १९७० मध्ये ‘क्लोज टू यू’ हे गाणे अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि चार आठवडे तिथेच राहिले. पुढच्या वर्षी या जोडीला नवोदित कलाकाराच्या पुरस्कारासह दोन ग्रॅमी मिळाले. १ मे १९७३ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या निमंत्रणावरून त्यांनी व्हाइट हाउसमध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर विली ब्रांट यांच्यासमोर कार्यक्रम केला. कॅरनचा आवाज खालच्या पट्टीतला, दाट आणि शांत होता. ती समोर बसून आपल्याशीच बोलते आहे, असे ऐकणाऱ्याला वाटायचे.

ड्रममागून पुढे का यावे लागले?

कॅरन स्वतःला आधी ड्रमवादक मानायची आणि नंतर गायिका. १९७५ मध्ये एका अमेरिकी मासिकाच्या वाचकांनी तिला सर्वोत्तम रॉक ड्रमर म्हणून कौल दिला. त्या यादीत ‘लेड झेपेलिन’चा जॉन बॉनहॅमसुद्धा तिच्या मागे राहिला होता.

पण लोक गाणे ऐकायला येत होते आणि गाणारी मुलगी ड्रमच्या आड दिसतच नव्हती. तिने उभे राहून, प्रेक्षकांसमोर येऊन गावे असा आग्रह वाढत गेला. तिने बराच विरोध केला. शेवटी काही गाण्यांपुरते ड्रम तिच्याकडे राहिले आणि बाकीच्या वेळी ती माइक घेऊन रंगमंचाच्या मध्यभागी उभी राहू लागली.

बाहेरून पाहता ही बढतीच होती. मात्र आजवर ज्या वाद्यामागे तिला सुरक्षित वाटायचे, ते समोरून गेले. आता कपडे, कंबर, फोटोचा कोन या सगळ्याकडे हजारो डोळे लागले होते. त्यात वर्षाकाठी शंभराहून अधिक कार्यक्रम, सततचा प्रवास आणि मधल्या वेळेत रेकॉर्डिंग. ठरावीक वेळी घरच्यांसोबत बसून जेवण्याची सवय या धावपळीत टिकणे अवघड होते.

आजाराची सुरुवात कुठे झाली?

१९६७ मध्ये, म्हणजे १७व्या वर्षी, कॅरनने डॉक्टरांच्या सल्ल्याने वजन थोडे कमी केले होते. नंतरची काही वर्षे ती नीट खात-पीत होती. तोवर कुणाला काळजी वाटावी असे काहीच नव्हते.

१९७३च्या सुमारास तिने स्वतःला पडद्यावर आणि फोटोत पाहिले आणि आपण जाड दिसतो असे तिच्या मनाने घेतले. तिने व्यायामाचा प्रशिक्षक नेमला. व्यायामाने स्नायू भरले, तेही तिला नको वाटले. प्रशिक्षकाला निरोप देऊन तिने स्वतःच्या मनाने खाणे कमी करायला सुरुवात केली.

सुरुवातीला आजूबाजूच्या सगळ्यांनी तिचे कौतुक केले. ती छान दिसू लागली होती आणि लोक तसे बोलून दाखवत होते. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण ज्या मुलीला आपले शरीर पसंतच नव्हते, तिच्यापर्यंत त्या कौतुकाचा अर्थ वेगळा पोहोचत होता. आपण योग्य मार्गावर आहोत, आता थांबायचे नाही, असा तो अर्थ होता.

माइक चुकून स्पीकरसमोर धरला की काय होते, हे आपण लग्नाच्या हॉलमध्ये अनेकदा ऐकतो. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो आणि काही क्षणांत कर्कश शिट्टी वाजते. दोन्ही उपकरणे आपापले काम चोख करत असतात. चूक असते त्यांच्या मांडणीत. कॅरनच्या बाबतीत कौतुक आणि उपासमार यांचे असेच चक्र तयार झाले होते. पुढे कौतुक थांबून काळजीचे सूर येऊ लागले, तोवर आजाराला बाहेरच्या कौतुकाची गरज उरली नव्हती.

ॲनोरेक्सिया म्हणजे नेमके काय?

ॲनोरेक्सिया हा डाएटचा अतिरेक किंवा नखरा नाही. तो मानसिक आजार आहे. वजन वाढण्याची प्रचंड भीती, शरीराला लागते त्यापेक्षा खूप कमी खाणे आणि आरशात स्वतःचे खरे रूप न दिसणे ही त्याची मुख्य लक्षणे. लंडनचे डॉक्टर विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी १८७३ मध्ये स्वतंत्रपणे या आजाराचे वर्णन केले. म्हणजे तो मोबाइलच्याच काय, सिनेमाच्याही आधीचा आहे.

माणूस एकदा अडकला की त्याला बाहेर पडणे इतके अवघड का जाते, याचा एक धागा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील प्रयोगात सापडतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, अनेक महिने अपुऱ्या आहारावर ठेवले. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे सावरायचे, हे त्यांना शोधायचे होते. या तरुणांना आधी खाण्याशी संबंधित कोणताही आजार नव्हता. तरी काही महिन्यांत ते चिडचिडे आणि उदास झाले, मित्रांपासून तुटले आणि दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. पोटभर जेवण पुन्हा सुरू झाल्यावरही मन ताळ्यावर यायला अनेक महिने लागले. या प्रयोगाचा ग्रंथ १९५० मध्ये, म्हणजे कॅरनच्या जन्मवर्षीच, प्रसिद्ध झाला.

याचा अर्थ सरळ आहे. उपासमार शरीराबरोबर विचारही बदलते. आजारी व्यक्तीला दोन घास खा म्हणून समजावणे पुरत नाही, कारण समजून घेणारा मेंदूच उपाशी असतो.

१९७५ मध्ये काय घडले?

१९७५ पर्यंत कॅरनची तब्येत लपण्यासारखी राहिली नव्हती. ती रंगमंचावर आली की प्रेक्षकांत कुजबुज होऊ लागली. लास व्हेगासमधील कार्यक्रमांनंतर तिला रुग्णालयात दाखल करावे लागले आणि ब्रिटन व जपानचे दौरे रद्द झाले. बाहेर कारण सांगितले गेले ते अतिश्रमाचे. ते खोटेही नव्हते, पण पूर्ण खरे नव्हते.

घरी आईच्या देखरेखीत ती काही काळ विश्रांती घेत होती. थोडी सुधारणा झाल्यावर १९७६ मध्ये दौरे पुन्हा सुरू झाले. थकवा या आजारावर विश्रांतीचा उपचार झाला. मूळ आजाराला मात्र कुणी हात लावला नाही.

एवढे सगळे दिसत असताना कुणालाच कसे कळले नाही?

तिचा आजार दिसत सगळ्यांना होता, पण त्याला काय म्हणायचे हे फार थोड्यांना ठाऊक होते. घरचे समजावायचे, रागवायचे, जेवायला बसवायचे. मित्रमैत्रिणी विषय काढायच्या आणि कॅरन हसून विषय बदलायची. जेवणाच्या टेबलावर ती इतरांची फार काळजी घ्यायची, स्वतःच्या ताटाकडे मात्र कुणाचे लक्ष जाऊ द्यायची नाही. खासगीत तिने बराच काळ आजार नाकारला. जाहीर मुलाखतीतही ती तो मान्य करत नव्हती.

त्यातच रिचर्ड झोपेच्या गोळ्यांच्या आहारी गेला होता. १९७९च्या सुरुवातीला तो कॅन्सस राज्यातील टोपेका येथे उपचारासाठी दाखल झाला. एकाच घरातली दोन मुले दोन वेगळ्या आजारांशी झगडत होती. रिचर्डच्या व्यसनाला नाव होते, उपचाराची ठरलेली पद्धत होती आणि दाखल होण्याची जागाही होती. कॅरनच्या आजारासाठी यातले काहीच हाताशी नव्हते.

भाऊ विश्रांतीवर असताना कॅरनने न्यूयॉर्कमध्ये निर्माते फिल रमोन यांच्यासोबत स्वतःचा स्वतंत्र अल्बम केला. त्यासाठी तिने स्वतःचे पैसेही घातले. १९८० मध्ये कंपनीने तो प्रसिद्ध न करण्याचा निर्णय घेतला. हा घाव तिला खोल लागला. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला तिने बांधकाम व्यावसायिक टॉम बरिस यांच्याशी लग्न केले. वर्ष-सव्वा वर्षात दोघे वेगळे झाले.

या घटनांमुळेच आजार झाला असे म्हणता येणार नाही, कारण तो त्याआधीपासून होता. मात्र ज्या माणसाच्या हातून एकेक गोष्ट निसटत जाते, त्याला आपल्या ताटात काय पडते एवढे तरी आपल्या ताब्यात आहे असे वाटू लागते. हा आजार नेमका तिथेच घट्ट धरतो.

उपचार सुरू झाले, पण…

जानेवारी १९८२ मध्ये कॅरन स्वतःहून न्यूयॉर्कला गेली. मानसोपचारतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हेन्क्रॉन हे या विषयावर काम करणारे तेव्हाचे गाजलेले नाव होते. १९७८ मध्ये आलेली त्यांची ॲनोरेक्सियावरील कादंबरी अमेरिकेत बरीच वाचली गेली होती. कॅरन हॉटेलमध्ये राहून आठवड्यातून पाच दिवस त्यांच्याकडे जाऊ लागली. आपल्याला मदत हवी हे तिने मान्य केले होते आणि हे तिच्या आयुष्यातील फार धाडसाचे पाऊल होते.

पण महिने गेले तरी शरीराची घसरण थांबेना. सप्टेंबर १९८२ मध्ये चक्कर येऊन हृदयाचे ठोके चुकू लागल्यावर तिला लेनॉक्स हिल रुग्णालयात दाखल केले गेले. तिथे शिरेवाटे पोषण देण्यात आले. वजन वाढले, चेहऱ्यावर तजेला आला. नोव्हेंबरमध्ये आपण बऱ्या झालो असे सांगून तिने उपचार आवरते घेतले आणि ती कॅलिफोर्नियाला परतली.

आजचे उपचार आणि तेव्हाचे उपचार यांतला फरक इथे दिसतो. वजन वाढणे हा उपचाराचा पहिला टप्पा आहे. त्यानंतर मन सावरण्याचे लांबचे काम असते आणि त्या काळात रुग्णावर सतत लक्ष लागते. कॅरनच्या बाबतीत बोलण्याचे उपचार आधी झाले, शरीराचे उपचार उशिरा झाले आणि पुढची देखरेख राहिलीच.

मृत्यू कशामुळे झाला?

१७ डिसेंबर १९८२ रोजी कॅलिफोर्नियातील एका शाळेत नाताळच्या कार्यक्रमात ती लहान मुलांसमोर गायली. लोकांसमोर ती गायली ते शेवटचे. ११ जानेवारी १९८३ रोजी ग्रॅमीच्या जुन्या विजेत्यांच्या मेळाव्यातही ती दिसली. नव्या गाण्यांच्या योजना सुरू होत्या, घटस्फोटाची प्रक्रिया शेवटच्या टप्प्यात होती. तिला ओळखणाऱ्यांना वाटत होते की वाईट काळ सरला.

४ फेब्रुवारीच्या सकाळी डाउनी येथे आई-वडिलांच्या घरी ती कोसळली. रुग्णालयात नेले, पण तिला वाचवता आले नाही. शवविच्छेदनाच्या अहवालात हृदयाला झालेली विषबाधेसारखी इजा आणि त्यामागचे कारण म्हणून ॲनोरेक्सिया अशी नोंद झाली. ही इजा करणारे औषध तेव्हा दुकानात चिठ्ठीशिवाय मिळत असे.

दीर्घ उपासमारीत शरीर स्वतःचेच स्नायू वापरू लागते आणि हृदय हाही स्नायूच आहे. रक्तातील पोटॅशियमसारख्या क्षारांचे प्रमाण बिघडले की हृदयाचे विद्युत संदेश विस्कळीत होतात आणि ठोके अचानक चुकू शकतात. त्यामुळे व्यक्ती वरून बरी दिसत असतानाही धोका टळलेला नसतो. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक मृत्यू ज्या आजारांत होतात, त्यांत ॲनोरेक्सियाचा क्रमांक वरचा आहे.

मृत्यूनंतर काय बदलले?

कॅरनच्या मृत्यूनंतर वृत्तपत्रे आणि टीव्हीने या आजारावर भरभरून माहिती दिली. आपल्या मुलीला जे होते आहे त्याला एक नाव आहे, हे असंख्य पालकांना तेव्हा कळले. कार्पेंटर कुटुंबाने तिच्या नावाने निधी स्थापन करून या आजाराच्या संशोधनाला मदत केली. १ जानेवारी १९८९ रोजी तिच्या आयुष्यावरचा टीव्ही चित्रपट अमेरिकेत प्रसारित झाला.

उपचारांतही मोठा बदल झाला. पूर्वी अशा मुलीच्या आईला सरसकट दोषी धरले जाई. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील डॉक्टरांनी १९८०च्या दशकात उलट वाट धरली. पालकांना बाजूला न सारता त्यांच्याच हाती मुलीला खाऊ घालण्याची जबाबदारी द्यायची आणि त्यांना शिकवायचे, अशी ही पद्धत. किशोरवयीन मुलांसाठी ती आज सर्वाधिक स्वीकारली गेलेल्या पद्धतींपैकी एक आहे. या आजारात आनुवंशिकतेचाही वाटा असतो हे आता मान्य झाले आहे.

मग ऑनलाइन गटांचा संबंध काय?

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इंटरनेटवर ॲनोरेक्सियाला आजार न मानता जीवनशैली मानणारी पाने दिसू लागली. २००१ मध्ये तक्रारी आल्यावर याहूने अशी अनेक पाने हटवली. २०१२ मध्ये टम्बलर, पिंटरेस्ट आणि इन्स्टाग्राम यांनी अशा मजकुरावर बंदी घालणारे नियम केले. तरी नाव बदलून, स्पेलिंग बदलून हे गट पुन्हा उगवतात. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामचे अंतर्गत संशोधन बाहेर आले. आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ती भावना वाढल्याचे त्यात सांगितले होते.

या गटांत माणूस का ओढला जातो, हे समजून घेतले पाहिजे. तिथे कुणी रागवत नाही. घरात कुणाला कळत नाही ते तिथल्या लोकांना लगेच कळते. एकटेपणा कमी होतो. बदल्यात हे गट एकच किंमत मागतात, आजारी राहण्याची. बरे होऊ पाहणारी मुलगी तिथे कमकुवत ठरते आणि घरच्यांपासून लपवणारी हुशार ठरते.

कॅरनच्या आयुष्यातील माइक आणि स्पीकरचे चक्र इथे चोवीस तास चालू असते. त्यात शिफारस करणाऱ्या प्रणालीची भर पडते. एखाद्या व्हिडिओवर बोट किती वेळ थांबले एवढेच ती मोजते. ते आवडीने थांबले की भीतीने, हे तिला कळत नाही. म्हणून ती तसलेच आणखी दहा व्हिडिओ पुढे करते.

घरच्यांनी काय करावे?

मोबाइल हिसकावून घेणे हा पहिला उपाय वाटतो, पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. ज्या गटाने एकटेपणा घालवला तोच काढून घेतला तर त्या जागी दुसरे काही द्यावे लागते. तज्ज्ञांच्या सल्ल्यातून पुढे येणारे काही मुद्दे असे :

- लक्षणांकडे पाहा. जेवणाच्या वेळा टाळणे, बाहेर खाऊन आल्याचे वारंवार सांगणे, अचानक वाढलेले उपवास, सतत थंडी वाजणे, चक्कर, मासिक पाळी थांबणे, घोळदार कपडे, मित्रमैत्रिणींपासून दूर राहणे. हा आजार मुलग्यांनाही होतो आणि खाण्याचे विकार केवळ बारीक व्यक्तींनाच होतात असेही नाही.

- बोलताना वजनाचा विषय काढू नका. बारीक झालीस किंवा आता बरी भरलीस, ही दोन्ही वाक्ये घातक ठरू शकतात. ती उदास दिसते, पूर्वीसारखी हसत नाही, याची काळजी वाटते असे सांगा. बोलण्यासाठी जेवणाची वेळ निवडू नका.

- पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. लग्नकार्यात आणि सणासुदीला शरीरावरून होणारी टिप्पणी आपल्याकडे आपुलकीची मानली जाते. ती थांबवण्याचे काम मोठ्यांचे आहे, आजारी मुलीचे नाही.

- डॉक्टरांकडे लवकर जा. रक्ताची तपासणी आणि ईसीजी आधी करून घ्या. पुढे मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून उपचार करणे योग्य. छातीत धडधड, बेशुद्धी किंवा खूप अशक्तपणा असेल तर थेट रुग्णालय गाठा.

- एकदम भरपूर खाऊ घालू नका. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात अन्न अचानक गेले तर रक्तातील क्षार धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात. सुरुवातीचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीतच वाढवावा.

- ती कोणते व्हिडिओ पाहते हे चोरून तपासण्यापेक्षा तिच्यासोबत बसून पाहा. नकोशा खात्यांची तक्रार कशी करायची, शिफारशी नव्याने कशा सुरू करायच्या, हे एकत्र शिका.

- दोष देऊ नका, स्वतःलाही नाही. काळजी घेणाऱ्यालाही आधार लागतो.

भारतात केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते. तिथे मराठीतही बोलता येते. मानसिक आरोग्याचे उपचार मिळणे हा २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येकाला दिलेला हक्क आहे.

बरे होता येते का?

होय, मात्र वेळ लागतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाच्या संशोधकांनी खाण्याचे विकार असलेल्या महिलांचा दोन दशकांहून अधिक काळ पाठपुरावा केला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नऊ वर्षांनी ॲनोरेक्सियातून पूर्ण बऱ्या झालेल्या महिला होत्या सुमारे ३१ टक्के. २२ वर्षांनी हे प्रमाण सुमारे ६३ टक्क्यांवर गेले होते. म्हणजे नवव्या वर्षी ज्यांच्याबद्दल आशा सोडून द्यावी असे वाटले असते, त्यांपैकी अनेक जणी पुढे बऱ्या झाल्या.

कॅरनला उपचाराचे जेमतेम एक वर्ष मिळाले. आजार त्याआधी सात-आठ वर्षे तिच्या सोबत होता. तिच्याभोवती माणसे कमी नव्हती आणि प्रेमही कमी नव्हते. कमी होती ती माहिती, आणि वेळही. आज माहिती आहे. वेळेत पावले उचलणे घरच्यांच्या हाती आहे.

कॅरनचा तो अडवून ठेवलेला स्वतंत्र अल्बम अखेर १९९६ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर १३ वर्षांनी प्रसिद्ध झाला. तिची गाणी आजही ऐकली जातात. ती ऐकताना कुणाच्याही डोळ्यांसमोर तिचे वजन येत नाही. घरातल्या, वर्गातल्या किंवा मैत्रीतल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला हे आज सांगायची गरज असेल, तर ते आजच सांगा. सांगून झाल्यावर तिच्यासोबत जेवायला बसा.